पीस कुठे पडतं

फार पूर्वी लांडग्यांना धाक बसावा म्हणून डोंगरावरच्या वाघाने विषारी धुराचं एक अस्त्र बनवून घेतलं. चाचणीआधी त्याचा कारागीर साळिंदर कड्यावरून एक पीस सोडून वारा पाही. पीस वाघाच्या गुहेकडे गेलं की त्या दिवशी चाचणी रद्द होई.

खाली कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांना याचं कौतुक वाटे. "किती जपतात आपल्याला," म्हातारी मेंढी कोकरांना सांगे.

एका सकाळी पीस तरंगत येऊन तिच्याच पाठीवर पडलं. ते तोंडात धरून ती धापा टाकत कडा चढली.

"साळिंदरदादा, आज थांबा. वारा आमच्याकडे आहे."

"लांडगे थांबणार आहेत का, मावशी?" साळिंदर वात पेटवत म्हणाला. "आणि आम्ही याच वाऱ्याची तर वाट पाहत होतो."