कोंडाजीच्या ट्रॅक्टरची अमावस्या

फार फार वर्षांपूर्वीची, निमखेडात ट्रॅक्टर एकच होता तेव्हाची ही गोष्ट. कोंडाजीची बैलजोडी म्हातारी होऊन गेली आणि त्यानं तालुक्याहून एक छोटा तांबडा ट्रॅक्टर आणला. पण त्याचा सारा जन्म बैलांत गेलेला, दुसरी रीतच त्याला ठाऊक नव्हती. सकाळी तो आधी बॉनेटवर हात फिरवायचा, मग ऑईलची कांडी पुसून बघायचा, रेडिएटरला पाणी पाजायचा. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरही जुंपायचा नाही. त्या दिवशी तो एकेक बोल्ट आवळायचा, फिल्टर झटकायचा, सांध्यासांध्यांत ग्रीस भरायचा. लोक म्हणायचे, लोखंडाला कसली अमावस्या? हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून कोंडाजी आपल्या कामाला लागायचा. असं म्हणतात, की तो ट्रॅक्टर त्याचं खाकरणं ओळखायचा.

एका वर्षी खुरकुतीच्या साथीत गावचे बैल गेले. रब्बीची पेरणी एकट्या कोंडाजीवर आली. रानं वाफशावर होती, पेरणीजोगी ओल धरून होती, आणि ओल काही कुणासाठी थांबत नाही. जो दारात येईल त्याचं रान तो पेरत गेला. सगुणा मात्र आली नाही. तिचा नवरा नुकताच वारला होता, घरात दोन लहान लेकरं होती, आणि मागायचं कसं या संकोचानं ती घरातच बसली.

सगळ्यांची रानं पेरून परतताना कोंडाजीला तिचं रान दिसलं. कडेची ढेकळं पांढरी पडत चालली होती. ओल उद्या दुपारपर्यंत टिकली तर टिकली, आणि उद्या अमावस्या. रान पडीक राहिलं तर लेकरांनी वर्षभर खायचं काय? कोंडाजीला स्वतःची लाज वाटली.

सकाळी धुकं असं दाटलं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. तो सगुणाच्या दारात गेला.

"तुझं रान मागं ऱ्हायलं, पोरी. चूक माझी हाय. बियाणं घे आन् चल."

मग बॉनेटवर कपाळ टेकून तो ट्रॅक्टरला म्हणाला, "आज तुझा इसाव्याचा दिस. पर येवढं एक रान वढ, बाबा."

बोल्ट आवळायचे तसेच राहिले.

ट्रॅक्टर धुक्यात शिरला. असं म्हणतात, की इंजिनाचा आवाज हळूहळू विरून गेला, तरी चाकं चालतच राहिली. तिफणीमागं चाड्याच्या वाटीत बी सोडणाऱ्या सगुणाला वाटलं, आपण ढगात ज्वारी पेरतोय. पल्याडच्या कडेचं शेवटचं तास संपलं, धुकं उठलं आणि ट्रॅक्टर बांधापाशी थांबला. तेव्हा कळलं. इंजिनाखालचा बोल्ट ढिला होऊन सगळं ऑईल पहिल्याच तासाच्या तोंडाशी सांडलं होतं. पुढचं सारं रान त्यानं कोरड्या पोटानं ओढलं होतं. कोंडाजी त्याच्या चाकाशी बसून लहान मुलासारखा रडला. ते इंजिन पुन्हा कधी सुरू झालं नाही. सगुणाची ज्वारी मात्र अशी वाढली, की आत शिरलेला माणूस बांधावरून दिसेना.

आता निमखेडात बरेच ट्रॅक्टर आहेत. पण पेरणीचा पहिला ट्रॅक्टर मालकाच्या रानात जात नाही. ज्या घरातून कुणीच मागायला आलेलं नाही, त्या घराच्या बांधावर तो जाऊन उभा राहतो. तिथली बाई विचारते, कुणी पाठवलं? चालवणारा एवढंच सांगतो, "कोंडाजीनं."