एक लाडू कमी

"शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर पंपांचे नकाशे घेऊन तुम्हीच बुटीबोरीला जायचं, आणि वर्षभर तिथंच राहायचं!" आमचे मालक बापूसाहेब शिरगुप्पे टेबलावर मूठ आपटून म्हणाले.

माझ्या लग्नाला तेवीस दिवस झाले होते!

त्यांचा एक कारखाना इथे इचलकरंजीत, दुसरा नागपूरजवळ बुटीबोरीला. दोन्हीकडचे संगणक एका खोलीत बसल्यासारखे बोलायला हवेत. नवी तार टाकायची नाही. नकाशे जगाच्या इंटरनेटवरूनच जाणार, पण वाटेत कुणाला वाचता येता कामा नये!

"अशक्य!" असं म्हणून आमचे वरिष्ठ खाडिलकर रजेवर गेले. उरले मी. जिला सासरी दुसरा चहा मागायचा अजून धीर होत नाही, ती मी!

"बोगदा करते, साहेब."

"बोगदा? रस्ता खणणार?"

"नाही. माझी आई चिपळूणहून सासूबाईंच्या नावानं डबा पाठवते. आत छोटा डबा, त्यावर माझं नाव. एसटीच्या पार्सलवाल्याला बाहेरचंच नाव दिसतं. आपले नकाशेही असेच डब्यात डबा घालून पाठवू, आणि बाहेरच्या डब्याला कुलूपही लावू."

गुरुवारी 'नमस्कार' एवढा निरोप बुटीबोरीला पोचला. मी लगेच नवऱ्याला फोन करून स्वतःची तारीफ केली. फोन ठेवते तोच बुटीबोरीहून फोन आला, "मॅडम, नमस्कार आला. नकाशा काही येईना!"

छोटं सगळं जात होतं, मोठं अडकत होतं. कारण मला सापडेना.

संध्याकाळी घरी आईसाठी परतीचा डबा भरत होते. आतला डबा लाडवांनी गच्च, बाहेरचं झाकण बसेना. मी गुडघा लावला.

"अगं, डब्यात डबा घातला की बाहेरच्याचा पत्राही जागा खातो," सासूबाई म्हणाल्या. "आतला एक लाडू काढ!"

मी झाकण टाकून लॅपटॉपकडे पळाले. त्यांना वाटलं, सूनबाई रुसली.

शुक्रवारी बापूसाहेब चहाचा कप घेऊन माझ्या मागेच उभे. मलाही त्यांनी एक मागवला होता.

"काय बदललंत?"

"आतला डबा लहान केला, साहेब. एक लाडू कमी."

"माझ्या नकाशातला लाडू कमी? मग पंपाला पंखा कोण बसवणार? तुम्ही?"

"लाडू टाकला नाही, साहेब. नकाशा तुकड्यातुकड्यांनी अनेक डब्यांतून जातो; तो लाडू पुढच्या डब्यातून गेला. तिकडे पोचल्यावर सगळे एकाच ताटात!"

फोन वाजला. "मॅडम, नकाशा आला! पंख्यासकट!"

बापूसाहेब इतके हसले, की चहा बशीत सांडला. "बदली रद्द! आजपासून नेटवर्कचा विभाग तुमचा! आणखी काय हवं ते मागा!"

पगारवाढ, रजा, नवा लॅपटॉप, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तोंडातून मात्र निघालं, "साहेब... अजून एक चहा मिळेल?"

"किटलीच आणा रे!" बापूसाहेब डोळे पुसत ओरडले.