शेवटची ओळ

“मग शेवट बदलायला हरकत काय आहे?”

सरदार हम्फ्रीने हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे फादर ऑस्विन मान खाली घालून लिहीत राहिले. उजव्या हातात पीस, डाव्या हातात चाकू. इंग्लंडातल्या त्या जुन्या मठात पोथ्या लिहिणारे सगळे असेच बसत. पिसाने लिहायचं, चुकलं की चाकूने खरवडायचं. कागद नव्हताच, मेंढीचं कमावलेलं कातडं होतं.

पोथी सरदाराचीच होती. बायकोला, मॅबिलला, भेट द्यायला त्याने फादरांकडून एक प्रेमकाव्य रचून घेतलं होतं. त्यात एक राजा आपल्या राणीला मनोऱ्यात कोंडून ठेवतो आणि शेवटी राणी त्याला सोडून जाते. हा शेवट कानावर आला तसा सरदार घोड्यावर बसून तडक मठात आला होता.

“राणी राहते असं लिहा. आपखुशीने राहते.”

“कशासाठी?”

“मॅबिल वाचेल.”

“वाचेल... आणि?”

मॅबिलला माहेरी जायचं होतं. परत येईन असं काही ती म्हणाली नव्हती, म्हणून त्याने तिच्या खोलीला कुलूप घातलं होतं. अकरा दिवस झाले, ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. किल्ली आत्ताही त्याच्या कमरेला होती. त्याचा तिच्यावर जीव होता, यात खोटं काही नाही. म्हणून तर बिचाऱ्याला काही सुचत नव्हतं.

“तीन गावं माझा शब्द झेलतात, फादर. आणि ही एक बाई...”

फादरांनी चाकू त्याच्यापुढे धरला.

“शेवटची ओळ. तुम्हीच खोडा.”

तलवार चालवणाऱ्या माणसाला एवढ्याशा चाकूचं काय? सरदाराने बाही सारली आणि खरवडायला घेतलं. पण शाई कातड्यात मुरलेली होती. ‘गेली’ हा शब्द काही जाईना. त्याने जोर लावला. आणखी लावला...

पानाला भोक पडलं.

“मी हळूच करत होतो,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“सगळे तसंच म्हणतात.”

“आता हे पान फेकायचं?”

“छे.”

मठात भोक पडलेलं कातडं कुणी टाकत नसे. फादरांनी पान आपल्याकडे ओढलं आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. भोकापाशी पीस उचललं, भोकाच्या पलीकडे टेकवलं. राणी निघून गेली ती गेलीच.

सरदाराने चाकू खाली ठेवला.

“फादर... मी दार उघडलं आणि ती गेली तर?”

फादरांनी भोकावर बोट ठेवलं. मग ते बोट भोकापलीकडे, ओळीच्या शेवटपर्यंत नेलं.

“हे काय उत्तर झालं?”

फादरांनी शाईची दौत बंद केली.

“बरं, नाही उघडलं तर?”

फादरांनी चाकू पुसला आणि त्याच्या हातात दिला.

“मग हा घेऊन जा. अजून बरंच खरवडावं लागेल.”