घणाखालचा हातमोजा

“एवढं एकच सांगा, आप्पा. यातला खरा कोणता?”

हैबतराव मुकादमानं पोतं उपडं केलं. हातमोज्यांचे पाच जोड खडकावर पडले.

समोर सटवाप्पा पाथरवट बसला होता. त्याचे डोळे दगडाच्या कपचीनं नेले, त्याला वीस वर्षं झाली. पण दगडावरून हात फिरवला की आतली भेग कुठे जाते ते तो सांगे. दगडावरची मुंगी कोणत्या पायानं लंगडते तेही सांगे, असं लोक म्हणत. मुंगीचं खरंखोटं मुंगीला ठाऊक. भेगेचं मात्र अख्ख्या खाणीनं पाहिलं होतं.

“आधी कोणता दिला होतास?” आप्पानं विचारलं.

हैबतराव जरा घुटमळला. “सगळ्यात जाड.”

तो जोड त्यानं शहरातून स्वतः निवडून आणला होता. इतका जाड, की आत हात आहे की नाही हे हातालाच कळू नये. “मुकादम, छिन्नी फिरली तरी समजत न्हाई,” असं छिन्नी धरणारा लखू म्हणाला, तेव्हा हैबतराव हसला होता. “तुला समजून काय करायचंय? चामडं आहे ना!”

दुसऱ्या दिवशी छिन्नी फिरली. घण लखूच्या दोन बोटांवर बसला.

तेव्हापासून चाळीस जणांनी अवजारं खाली ठेवली होती. आप्पा होय म्हणेपर्यंत कुणी छिन्नीला हात लावणार नव्हतं.

“घाल हातात,” आप्पा म्हणाला.

“कोणता?”

“तुझा. जाडा.”

हैबतरावानं घातला. आप्पानं हातभर लांबीची छिन्नी त्याच्याकडे सरकवली.

“धर उभी. दगडावर.”

त्यानं धरली. वर पाहिलं, तर आंधळा म्हातारा घण घेऊन उभा!

“आप्पा… तुम्हाला दिसत नाही.”

“लखूला मारणाऱ्याला दिसत होतं.”

आप्पानं घण अलगद छिन्नीच्या डोक्याला टेकवला.

ठप्प.

“छिन्नी मुकी हाय,” म्हातारा म्हणाला. “दुसरा घाल.”

दुसरा रबराचा होता. त्यातला घाम छिन्नीवर ओघळला. ठप्प.

तिसऱ्याची बोटं लांब, टोकं रिकामी लोंबत होती. ठप्प… तेही जरा वाकडं.

चौथा हैबतरावानं असाच, फुकट मिळाला म्हणून पोत्यात टाकला होता. पातळ चामडं, तळव्याला खरबरीत, हाताला नेमका बसणारा. त्यानं छिन्नी धरली आणि दचकलाच. तिची धार दगडात कुठे टेकलीय, ते त्याला बोटांत कळत होतं.

टण्ण!

आप्पाचा चेहरा उजळला.

“आता हलू नको.”

घण वर गेला. हैबतरावानं डोळे मिटले. मिटून उपयोग काय, ऐकू तर येतच होतं! घणाचा वारा त्याच्या बोटांवरून गेला. टण्ण. पुन्हा. टण्ण. वीस घाव, आणि वीसही एकाच जागी. तिकडे छिन्नी जराशी कलली, की ते हैबतरावाच्या बोटांना आधी कळे, तो सावरी, आणि मगच घण पडे. जणू म्हातारा त्याच्याच बोटांनी पाहत होता.

एकविसाव्या घावाला दगड उकलला. सुरीनं भाकरी कापावी तसा, सरळ.

हैबतरावानं हातमोजा काढला. सगळी बोटं जागच्या जागी होती, तरी त्यानं ती एकदा पाहून घेतली. मग वाकून आप्पाच्या पायांना हात लावला.

“मिळाला, आप्पा! आजच माणूस धाडतो. असलेच चाळीस जोड आणतो.”

“असलेच?”

“हुबेहूब. हेच माप.”

“हे माप कुणाच्या हाताचं?”

“माझ्या…”

हैबतरावाचं वाक्य तिथंच अडलं. लखूचा हात त्याच्या हाताच्या दीडपट होता. की लहान होता? त्यानं आठवून पाहिलं. आठवेना.

आप्पानं चाचपत त्याचा हात शोधला, आणि घणाचा दांडा त्याच्या मुठीत दिला.

“उद्या चाळीस जणांना बोलव. छिन्नी ते धरतील… घण तू मार.”