तुरतुरीचा तिसरा अक्रोड

डोंगरातल्या तळ्याला माणसांनी अजून नावही दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. काठावर तुरतुरी नावाची खार राहायची. एके दिवशी रानबदकं ओरडत आली, "उद्या हिमवादळ येतंय!"

तुरतुरीने पुरून ठेवलेले अक्रोड शोधायला घेतले, पण कुठे पुरले तेच तिला आठवेना. दिवसभर उकरून हाती लागले फक्त तीन. "जळलं मेलं माझं डोकं!" ती रडकुंडीला आली.

"रडतेस काय, पोरी? चल," धवळू आजोबा म्हणाले. या म्हाताऱ्या सशाने तिला पलीकडच्या काठावर नेलं. तिथे अक्रोडाची दाट राई होती. वाऱ्याला शिरकाव नव्हता, खाली अक्रोडांचा सडा पडला होता, आणि सगळं रान आडोशाला जमलं होतं.

"आजोबा, ही राई कुणी लावली?"

"तुझ्या पणजीने! तीही अशीच विसरभोळी. तिने पुरलेले आम्हाला अजून पुरतायत. बरं झालं बाई विसरली!"

तुरतुरीचे डोळे भरून आले. बर्फ भुरभुरू लागला होता. दोन अक्रोड तिने सगळ्यांच्या ढिगात टाकले. तिसरा राईच्या कडेला पुरला आणि या खेपेला मुद्दाम विसरून गेली.