पाहुण्याचं पिंप

"येत्या पौर्णिमेच्या आत शार्दूलराजांनी आपणहून आमच्या आसवशाळेचं नाव काढलं नाही, तर मळ्यातले सगळे वेल उपटून तिथे एरंड लावीन," देवधारेचे रणधवलराजे रखमाजी माळ्याला म्हणाले.

द्राक्षांचा मळा आणि द्राक्षांची मदिरा करायची ती आसवशाळा रखमाजी सांभाळत असे. मळा गेला की त्याचं घरही जाणार होतं, कारण घर मळ्यातच होतं.

राजांच्या रागाला कारण होतं. लांबलांबचे पाहुणे आसवशाळा बघायला येत, यथेच्छ पीत, आणि गावी परतल्यावर ती कुठे होती हेसुद्धा विसरत. यात पाहुण्यांचा दोष नव्हता. मदिरेचा तो गुणच आहे. पण राजांना तो मान्य नव्हता. त्यातून आता पाहुणे म्हणून येणारे शेजारच्या संस्थानाचे शार्दूलराजे म्हणजे विसरण्यात अव्वल. सासुरवाडीला गेले असताना त्यांनी सख्ख्या मेहुण्याला "आपण कोणत्या गावचे?" असं विचारलं होतं.

दिवाण त्र्यंबकपंतांनी जय्यत तयारी केली. हत्ती सजवले, सुरया घासून घेतल्या, राजकवीकडून द्राक्षाची स्तुती रचून घेतली. शिवाय ताकीद दिली, की पाहुण्याला बोटही हलवावं लागता कामा नये. संस्थानाची रीतच तशी होती. पाहुणा म्हणजे देवघरातला देव. त्याला बसवायचं, नैवेद्य दाखवायचा आणि विसर्जन करायचं.

रखमाजीची मुलगी तानू हे सगळं ऐकत होती. ती राजांसमोर गेली.

"सरकार, पाहुणे विसरले तर घर आमचं जाणार. मग युक्तीही आमचीच असू द्या."

राजे हट्टी असले तरी न्यायी होते. म्हणजे समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत आणि मग नाही म्हणत. या खेपेस मात्र हो म्हणाले. फक्त हत्ती आणि कवी काढायचे नाहीत, एवढी अट घातली.

शार्दूलराजे आले. हत्ती पाहून त्यांनी जांभई दिली, कारण त्यांच्याकडे जास्त होते. कवितेच्या चौथ्या कडव्याला त्यांचा डोळा लागला. कवी थांबल्यावर ते जागे झाले, आणि दिवाणांनी त्यांना आसवशाळेच्या दगडी कुंडापाशी आणलं. कुंडात तानू आणि मळ्यातल्या बाया गाणं म्हणत पायांनी द्राक्षं तुडवत होत्या.

"महाराज, जरा मागे सरा," तानू म्हणाली. "शिंतोडे उडतील. दिसायला सोपं दिसतं, पण राजेलोकांच्या पायांना हे जमायचं नाही."

दिवाणांनी जीभ चावली. शार्दूलराजे मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच नीट जागे झाले. "कोण म्हणतं जमायचं नाही?"

त्यांनी जोडे काढले, पाय धुतले, धोतर खोचलं आणि कुंडात उतरले. उतरले ते घसरून थेट द्राक्षांत बसले. दिवाणांनी डोळे मिटून घेतले. पण महाराज खदखदून हसत उठले, बायांच्या गाण्यावर पाय टाकू लागले, आणि गुडघ्यापर्यंत जांभळे होऊनच बाहेर आले. त्यांनी तुडवलेला रस तानूने वेगळ्या सागवानी पिंपात भरला आणि खूण म्हणून त्यांचाच शेला त्याला बांधून घेतला.

"आता एक पेला द्या," महाराज म्हणाले.

"आत्ता कसा देऊ? हा नुसता रस आहे. त्याची मदिरा व्हायला पुढचा हंगाम उजाडेल. तोवर पिंप इथेच राहील."

महाराज निघाले ते दोनदा मागे वळून बघतच.

त्यांची पालखी दिसेनाशी झाली तसा रणधवलराजांचा संयम सुटला. पाहुण्याला राबवलं, त्याचा शेला ठेवून घेतला, वर घोटभरही न पाजता रिकाम्या हातानं पाठवलं. आता नाव काढलंच तर शिव्या देण्यापुरतं काढतील, असं ते म्हणाले. एरंडाचं बी आणायलाही माणूस पाठवला. रखमाजीने भांडीकुंडी बांधायला घेतली. तानू म्हणाली, पौर्णिमा तर होऊ द्या.

दोन दिवसांतच शार्दूलराजांचा स्वार आला. महाराज विचारतात, पिंप उन्हात तर ठेवलेलं नाही ना? त्याला जेवू घालेपर्यंत दुसरा आला. पिंपाला मुंग्या तर लागल्या नाहीत? तिसऱ्याने निरोप आणला, की शेजारच्या पिंपाशी अदलाबदल होऊ देऊ नका. आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी महाराज स्वतःच राणीसाहेबांना घेऊन हजर झाले. यजमानांना रामराम करायचा राहिला. ते तडक आसवशाळेत जाऊन पिंपाला कान लावून बसले.

रणधवलराजांनी तानूला सदरेवर बोलावलं. "पोरी, ज्यांना मेहुणा आठवत नाही, त्यांना पिंप कसं आठवलं?"

"सरकार, शेजारणीनं दिलेलं लोणचं कसं होतं, ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. पण शेजारणीकडे गेलेली आपली वाटी बाई जन्मभर विसरत नाही. बारसं असो की बारावं, तिथं गेली की तिची नजर आधी फळीवर जाते. आपण पाहुण्यांना देत राहिलात. मी त्यांचं ठेवून घेतलं."

राजे हसू लागले. मग डोळे पुसत, जरा खोडीनं म्हणाले, "असं आहे होय? मग तुझं बक्षीसही मी माझ्याकडेच ठेवतो. जन्मभर माझी आठवण काढशील."

"मी काढीन, सरकार. पण वाटी ज्याच्या घरी असते, त्याला ती कधीच आठवत नाही. तेव्हा आजच द्या!"

यावर राजे इतके हसले, की तक्क्यावरून खाली घसरले. त्र्यंबकपंत "सावकाश बघू" म्हणायला तोंड उघडत होते. पण तोवर राजांनी, घसरल्या जागेवरूनच, मळा रखमाजीला आणि आसवशाळा तानूला इनाम देऊन टाकली होती.