लिफ्टचं बिल

“...मग लिफ्टचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं, बुवा?”

शार्दूल चिंचोळकर मठाच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये तक्ता, आणि तक्त्यात एका पैशाची चूक नाही. हे त्याच्या चेहऱ्यावरही लिहिलेलं होतं.

अचलबुवा चुलीला फुंकर घालत होते.

“लिफ्टमध्ये बसतं कोण?”

“सध्या... मीच.”

“मग तुझ्या नावावर टाक.”

“मी सेक्शन नाही ना, बुवा. खर्च सेक्शनवर टाकतात.”

“असं होय,” बुवा म्हणाले आणि पुन्हा फुंकायला लागले.

शार्दूलने मग त्यांना अगदी लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. गावातलं चार मजली दुकान त्यांचं. तळाला साड्या, त्यावर भांडी, त्यावर शाळेचे युनिफॉर्म, सगळ्यात वर खेळणी. वडील होते तोवर दिवाळीला एकच हिशोब व्हायचा. आलं किती, गेलं किती, संपलं. शार्दूल बाहेरून शिकून आला. त्याने वीज, लिफ्ट, वॉचमन, जाहिरात असा सगळा सामाईक खर्च गोळा केला आणि जागेच्या प्रमाणात चारही सेक्शनांवर वाटून टाकला.

“खेळणी तोट्यात निघाली. बंद केली.”

“मग?”

“लिफ्ट होतीच, वॉचमन होताच. त्यांचा खर्च तिघांत वाटला. तर युनिफॉर्म तोट्यात.”

“मग?”

“बंद. खर्च दोघांत वाटला. तर भांडी...”

“हं.”

“आता सगळा खर्च एकट्या साड्यांवर आलाय. आणि साड्या...”

“तोट्यात.”

“तुम्हाला कसं कळलं?” शार्दूलने चमकून विचारलं.

बुवांनी फुंकणं थांबवलं. चूल पेटली होती.

शार्दूलने खिशातून एक पाकीट काढलं. आत कुमुदताईंना कामावरून कमी केल्याचं पत्र होतं, सही करून तयार. एकतीस वर्षं साड्यांच्या काउंटरवर. सोमवारी द्यायचं होतं. हल्ली दुपारी चार वाजता त्या आपल्या थर्मासमधला अर्धा चहा शार्दूलला देत. चार मजल्यांत बोलायला एवढंच माणूस उरलं होतं. ते बाकी तक्त्यात कुठे येत नव्हतं.

“बाबा अडले की तुमच्याकडे यायचे,” तो म्हणाला. “पत्र बरोबर आहे, एवढं म्हणा. मग मी देतो.”

“जेवून जा आधी.”

बुवांनी चुलीवर पातेलं चढवलं. पातेलं कसलं, पंगतीचा हंडाच तो. आत बसून आंघोळ करता आली असती. बुवांनी त्यात वाकून दोन मुठी तांदूळ टाकले. तांदूळ तळाशी कुठे गेले ते दिसलंही नाही.

“लहान पातेलं नाही का?”

“होतं. विकलं. त्यात अकराजणांचा भात मावायचा नाही.”

“पण अकराजण आहेत कुठे?”

“होते की.” बुवांनी ओसरीच्या कडेला बोट दाखवलं. चपलांसाठी भिंतीएवढी लांब फळी होती. तिच्या एका टोकाला बुवांच्या वहाणा, दुसऱ्या टोकाला शार्दूलचे बूट. मध्ये नुसती फळी.

“एकजण होता, नुसती पेटी वाजवायचा. पाणी भरणार नाही, झाडणार नाही, पानावर मात्र पहिला. पाठवला घरी.”

“बरोबर केलंत.”

“चूल तेवढीच राहिली. दिवा तेवढाच, छत तेवढंच. खर्च दहाजणांवर आला. तेव्हा दहावा जड व्हायला लागला.”

“मग?”

“पाठवला.”

“आणि नववा?”

बुवा हंड्यात पळी फिरवत राहिले. रिकाम्या भांड्यात होतो तसा आवाज होत होता...

“पद्धत बरोबर होती,” शार्दूल म्हणाला. पण आवाज जरा बसला होता.

“होती ना?” बुवांना एकदम बरं वाटलं. “मलाही तसंच वाटतं. काल पुन्हा मांडला हिशोब. आता सगळा खर्च एकाच माणसावर पडतोय. कमाई शून्य आणि दोन वेळा जेवतो.”

“कोण?”

बुवांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

शार्दूल हसला. बुवा हसले नाहीत. त्यांनी तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. निखारे चर्रर्र करून विझले. भात अजून कच्चाच होता.

“पत्र आण इकडे.”

“बुवा, ते कुमुदताईंचं...”

“मजकूर काय आहे?”

शार्दूलने वाचून दाखवलं. “आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल संस्था आपली ऋणी आहे. तथापि वाढता खर्च लक्षात घेता...”

“छान लिहिलंयस. नाव तेवढं चुकलंय.”

बुवांनी पत्र त्याच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं, घडी करून झोळीत टाकलं. वहाणा पायात सरकवल्या. आणि टेकडीच्या पायऱ्या उतरायला लागले.

आधी शार्दूलला वाटलं, गंमत करताहेत. पण बुवा वळणाशी पोचले तरी थांबेनात. तेव्हा तो तसाच अनवाणी धावला. दुपारच्या पायऱ्या तव्यासारख्या तापल्या होत्या.

“बुवा! अहो, असं काय करता! तुम्ही गेलात म्हणून खर्च कुठे जातोय? छत गळायचं थांबणार आहे? दिव्याला तेल लागायचं थांबणार आहे? माणूस काढला म्हणून कधी...”

तो मधल्याच पायरीवर थबकला.

वर मठ होता, खाली रस्ता होता. अख्ख्या टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. लॅपटॉप ओसरीवर एकटाच उघडा पडला होता.

बुवा चार पायऱ्या खाली थांबले. मागे वळले नाहीत.

“मला काय सांगतोस?” ते म्हणाले. “मी आता बंद झालेलं सेक्शन आहे.”